भयाचा पुरावा

आपल्या मुलखातून जिवाच्या भीतीने निघालेला मनुष्य परक्या देशाच्या वेशीवर उभा राहून आश्रय मागतो, तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आणि दाखविण्यासारखे फारच थोडे असते. ज्या सरकारने त्याचा छळ केला त्याच सरकारच्या दप्तरातून छळाचा दाखला त्याला मिळणे शक्य नसते. साक्षीदार मागे राहिलेले असतात किंवा मारले गेलेले असतात. आणि अंगावरचे वळ, ते उठविणाऱ्यांनी आपल्या कामात मिळविलेल्या प्रावीण्यामुळे, पुष्कळदा थोड्याच दिवसांत दिसेनासे झालेले असतात. अशा मनुष्याकडून १९५१ साली जिनिव्हा येथे झालेल्या निर्वासितविषयक कराराने जी गोष्ट मागितली आहे, ती विचार करू लागले असता मोठी गहन वाटते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणावरून आपला छळ होईल असे साधार भय त्याच्या ठिकाणी असले पाहिजे, असे तो करार सांगतो. भय ही अंतःकरणाची अवस्था आहे; तिला आधार आहे की नाही हा मात्र बाहेरच्या परिस्थितीचा प्रश्न आहे; आणि या दोन्ही गोष्टींचा निर्णय ज्याने त्या मनुष्याला आजवर कधी पाहिले नाही, ज्याला त्याची भाषा येत नाही आणि ज्याच्या टेबलावर असे शेकडो अर्ज पडून आहेत, अशा एका अंमलदाराने करावयाचा आहे. या अडचणीतून वाट काढण्यासाठी पाश्चात्त्य देशांतील न्यायाधिकरणांपुढे गेल्या काही दशकांत मनोविकारतज्ज्ञाला पाचारण करण्याचा शिरस्ता पडला आहे. तज्ज्ञाने आश्रयार्थ्याशी बोलावे, त्याच्या मनावर उमटलेल्या आघाताच्या खुणा तपासाव्या, आणि त्या खुणा त्याने सांगितलेल्या हकिगतीशी जुळतात किंवा नाही याचा अहवाल अर्जासोबत जोडावा, अशी ही पद्धत आहे.

ही पद्धत इष्ट आहे असेच माझे मत आहे. परंतु तिचा विचार केवळ कायद्याच्या अंगाने करून भागणार नाही. दुःखिताचे दुःख खरे मानण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी काय, आणि घ्यावी तर त्या परीक्षेचा अधिकार कोठे संपतो, हा धर्मविचारातील पुरातन प्रश्न आहे. नाशिककराला तर तो परका वाटण्याचे काही कारणच नाही.

आधुनिक काळात आश्रयाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे गेला तो याच जिल्ह्यातील भगूर गावी जन्मलेल्या एका तरुणाच्या निमित्ताने. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. पुढे नाशिक कटाच्या खटल्यासाठी विनायक दामोदर सावरकरांना लंडनहून मोरिया जहाजातून हिंदुस्थानात आणले जात असता, ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेऊन फ्रान्सची भूमी गाठली. किनाऱ्यावर एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरून इंग्रज पहारेकऱ्यांच्या हवाली केले. फ्रान्सने त्यांना परत मागितले, प्रकरण हेग येथील लवादाकडे गेले, आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी फैसला झाला की अटकेच्या प्रकारात अनियमितपणा घडला खरा, परंतु त्यामुळे कैद्याला फ्रान्सच्या स्वाधीन करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. त्या फैसल्यात दोन सरकारांच्या वर्तनाची बारकाईने छाननी झाली. ज्याच्या देहावरून हा वाद चालला होता तो मनुष्य त्या वादात पक्षकारही नव्हता; त्याला कशाचे भय होते, त्या भयाला आधार होता काय, हा प्रश्न कोणी त्याला विचारला नाही, आणि लवादापुढील मुद्द्यांत त्याला जागाही नव्हती. आश्रय हा तेव्हा राजाराजांमधील व्यवहार होता. आश्रयार्थ्याच्या मनाला कायद्याच्या कागदावर प्रवेश मिळण्यास आणखी चाळीस वर्षे आणि दोन महायुद्धे जावी लागली.

दुसरे उदाहरण देवळालीचे आहे. फाळणीनंतर सिंधमधून मुंबई इलाख्यात उतरलेल्या निर्वासितांसाठी कल्याण, पिंपरी, देवळाली अशा ठिकाणच्या लष्करी बराकी मोकळ्या करण्यात आल्या. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, राहून गेली होती, तेथेही पुढे सिंधी कुटुंबेच आली. या लोकांना त्यांचे भय सिद्ध करावे लागले नाही. ते जेथून आले होते तेथे काय घडले होते हे सर्वांना ठाऊक होते आणि तेवढे ठाऊक असणे पुरेसे मानले गेले. यात शासनाचे आणि समाजाचे मोठे औचित्य होते असे मला वाटते. मात्र त्यांची तपासणी झालीच नाही असे नव्हे. १९५० च्या दावेविषयक कायद्यान्वये आणि १९५४ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यान्वये त्यांना अर्ज भरावे लागले, आणि त्या अर्जांत मागे राहिलेल्या घराचे व जमिनीचे वर्णन, किंमत आणि दस्तऐवज यांचा तपास होता. जमीन गेली तिचा हिशेब झाला. झोप गेली तिचा झाला नाही. त्या पिढीतील कित्येक माणसे पुढे दुकाने थाटून, मुलांना शिकवून, प्रतिष्ठेने जगली आणि वाटेत जे पाहिले ते कोणालाही न सांगता गेली. परीक्षा झाली नाही म्हणून त्यांचा अपमान टळला हे खरे, परंतु कोणी विचारलेच नाही म्हणून त्यांचे बोलणेही राहून गेले, हेही तितकेच खरे आहे. मानसिक तपासणीचा विचार करताना या दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवाव्या लागतात.

आता ही तपासणी प्रत्यक्षात होते कशी ते पाहू. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांना सादर झालेला इस्तंबूल प्रोटोकॉल हा तिचा प्रमाणग्रंथ होय. छळाची चिकित्सा आणि नोंद वैद्याने कशी करावी, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावे, दुभाषी कसा असावा, सांगणारा मध्येच थांबला तर त्याला कसे थांबू द्यावे, हे त्यात सांगितले आहे. तज्ज्ञ पुष्कळदा दोनतीन बैठका घेतो. झोप, स्वप्ने, दचकणे, एखादा वास किंवा आवाज आला की पूर्वीचा प्रसंग पुन्हा घडत असल्याचा भास, आप्तांविषयीही आलेली बधिरता, अशा खुणांचा शोध घेतो. या लक्षणसमूहाला आघातोत्तर तणावविकार असे नाव देऊन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले. अहवालात तज्ज्ञ ‘हा मनुष्य खरे बोलतो’ असे लिहीत नाही. सापडलेल्या खुणा हकिगतीशी जुळत नाहीत, जुळू शकतात, चांगल्याच जुळतात, अशा छळात त्या नेहमी आढळतात, किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणाने त्या उद्भवणे संभवत नाही, अशा चढत्या पायऱ्यांपैकी एका पायरीवर तो आपले मत ठेवतो. या संयमातच त्या विद्येची प्रतिष्ठा आहे, असे मी मानतो.

आपल्या न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे शेषवत् अनुमान झाले, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारे. वात्स्यायनाने त्याला नदीच्या पुराचे उदाहरण दिले आहे: नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असे आपण अनुमान करतो. त्यावरचा आक्षेपही सूत्रकारांनी स्वतःच उपस्थित केला आहे की नदी पुढे कोठे अडविली गेल्यानेही फुगेल, मग पाऊस झाला असे कशावरून म्हणता? रामकुंडावर ज्याने पावसाळे काढले आहेत त्याला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढले यावरून नाशिककर पुराची उंची मोजतात. पण ते पाणी त्र्यंबकच्या डोंगरात आज पडलेल्या पावसाचे आहे की गंगापूर धरणाचे दरवाजे उघडल्यामुळे आलेले आहे, हे केवळ उंचीवरून कळत नाही. नैयायिकांचे उत्तर असे आहे की सगळा पूर सारखा नसतो. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून आलेली पाने, फळे, लाकडे हे सर्व पाहावे, आणि मग पावसाच्या पुराविषयीचे अनुमान ढळत नाही. तज्ज्ञाचे कामही याच जातीचे आहे. अनिद्रा आणि उद्वेग आश्रयार्थ्याला इतर कारणांनीही जडतात. कुटुंबाची ताटातूट, स्थानबद्धता आणि अर्जाच्या निकालाची अनंत प्रतीक्षा या कारणांनी तर हमखास जडतात. याच देवळालीच्या छावणीत, नोकरीची मुदत संपूनही मायदेशी नेणाऱ्या जहाजाची महिनेमहिने वाट पाहणाऱ्या गोऱ्या सैनिकांची मने बिघडत आणि त्याची ख्याती थेट इंग्लंडपर्यंत पोचली होती. म्हणून स्वप्नात काय येते, कशाने दचकायला होते, कोणती गोष्ट टाळली जाते, याचा बारकावा तज्ज्ञाने टिपावा लागतो. मात्र उलट बाजूचे अनुमान कधीही करता येत नाही. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस पडूनही धरण भरेपर्यंत नाशिकचे पात्र शांत असू शकते. तसेच घोर छळ सोसलेल्या एखाद्या मनुष्याच्या ठिकाणी, त्याच्या श्रद्धेमुळे, प्रकृतीमुळे किंवा सोबत आलेल्या माणसांच्या आधारामुळे, विकाराचे एकही लक्षण दिसणार नाही. लक्षण नाही म्हणून प्रसंग घडला नाही असे म्हणणे हा तर्कदोष आहे, आणि येथे तर्कदोषाची किंमत माणसाचा जीव ही असते.

स्मृतीविषयीही असेच म्हणावे लागेल. अर्ज फेटाळताना अंमलदार पुष्कळदा हेच कारण देतो की पहिल्या जबानीत आणि दुसऱ्या जबानीत तफावत आहे. २००२ साली ब्रिटनमधील संशोधकांनी कोसोव्हो आणि बोस्निया येथून आलेल्या, ज्यांना राहण्याची परवानगी आधीच मिळाली होती आणि म्हणून खोटे बोलण्याचे काही प्रयोजनच उरले नव्हते अशा निर्वासितांच्या काही काळाच्या अंतराने दोनदा मुलाखती घेतल्या. तरीही दोन कथनांत तफावत आढळली. मुख्य गोष्टींपेक्षा आनुषंगिक तपशिलांत ती अधिक होती, आणि ज्यांना आघाताचा विकार तीव्र होता त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधील काळ वाढला तशी तीही वाढत गेली. म्हणजे ज्याला अधिक छळले तोच अधिक अविश्वसनीय ठरण्याचा संभव! हा एवढा एकच अन्याय मानसिक अहवालाने दूर केला तरी त्याचे सार्थक झाले, असे मी म्हणेन.

या सगळ्याचा धर्मदृष्ट्या विचार करू लागलो की वाल्मीकींच्या युद्धकांडातील विभीषणशरणागतीच्या प्रकरणाकडे वळल्यावाचून राहवत नाही, कारण आश्रयार्थ्याच्या मनाची परीक्षा हाच तेथील सभेपुढचा विषय आहे. विभीषण चार सोबत्यांसह समुद्राच्या उत्तर तीरावर येतो, आकाशातूनच आपले नाव, रावणाशी असलेले नाते, केलेला उपदेश आणि झालेला अपमान सांगतो, आणि बायकामुले मागे टाकून मी रामाला शरण आलो आहे, असे निवेदन करतो. आजच्या भाषेत ही त्याची जबानी. मग राम प्रत्येकाचे मत विचारतो. सुग्रीव म्हणतो, हा हेर आहे, याला मारावे. अंगद म्हणतो, गुणदोष पारखून ठरवावे. शरभाला वाटते, गुप्तचर पाठवून तपास करावा. जांबवान म्हणतो, शत्रूच्या गोटातून, भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी हा आला आहे, म्हणून शंकाच घ्यावी. मैंद सुचवितो की गोड शब्दांत, हळूहळू प्रश्न विचारून त्याचा भाव जाणून घ्यावा. निर्वासितांच्या अर्जांचा निकाल करणाऱ्या कचेऱ्यांत आज जी जी मते ऐकू येतात ती सारी या सभेत मांडली गेली आहेत.

हनुमंताचे भाषण या सर्वांहून निराळे आहे. तो म्हणतो की अकस्मात प्रश्नांची सरबत्ती झाली तर शहाणा मनुष्य साशंक होतो, आणि विश्वासाने आलेला मित्र खोट्या चौकशीने दुरावतो. चौकशी ही स्वतःच एक क्रिया आहे, तिचा परिणाम तपासल्या जाणाऱ्या मनावर होतो, ही जाणीव त्या भाषणात आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. पुढे हनुमंत सांगतो की याच्या बोलण्यात दुष्ट भाव आढळला नाही, याचा चेहरा प्रसन्न आहे, आणि कपटी मनुष्य असा निःशंकपणे समोर येत नाही; आकार कितीही झाकला तरी आतला भाव बाहेर पडतोच. मनुस्मृतीनेही न्यायाधीशाला स्वर, वर्ण, दृष्टी आणि हालचाली यांवरून माणसाचे अंतरंग ओळखावयास सांगितले आहे. म्हणजे हा विचार आपल्या व्यवहारशास्त्रात मान्यच होता. परंतु येथे मला नम्रपणे थांबावे लागते. विभीषण अपमानित झाला होता, पण त्याचा देह छळला गेला नव्हता. ज्याला अंधारकोठडीत ठेवले, ज्याच्या डोळ्यांदेखत आप्तांना मारले, त्याचा चेहरा प्रसन्न कोठून असणार? तो समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवीत नाही, भयंकर गोष्ट सपाट आवाजात सांगतो, भलत्याच ठिकाणी हसतो, विचारले ते विसरतो. स्वर, वर्ण आणि दृष्टी यांवरून निवाडा करणारा शुद्ध हेतूचा न्यायाधीशसुद्धा अशा मनुष्याला कपटी ठरवील. मनोविकारतज्ज्ञाची खरी गरज आहे ती येथे. प्रसन्न चेहरा वाचावयास तज्ज्ञ लागत नाही. विझलेला चेहरा वाचावयास लागतो.

आणि तरीही, हनुमंताचे अनुमान ऐकून घेतल्यावर राम जो निर्णय देतो तो त्या अनुमानावर आधारलेला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट होय. मित्रभावाने आलेल्याला त्याच्या ठिकाणी दोष असला तरी मी टाकणार नाही, असे तो म्हणतो. बायकोला पकडणाऱ्या व्याधालाच शरण आलेला पाहून स्वतःचे मांस देणाऱ्या कपोताची कथा तो सांगतो, कंडू ऋषीच्या वचनाची आठवण देतो, आणि शेवटी आज्ञा करतो की त्याला घेऊन या, मी त्याला अभय दिले आहे. तो विभीषण असो किंवा प्रत्यक्ष रावण असो. परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष अनुकूल निघाला, आणि रामाने आपले कर्तव्य त्या निष्कर्षावर टांगून ठेवले नाही. परीक्षा निरर्थक होती असा याचा अर्थ नव्हे, कारण रामाने ती थांबविली नाही, सर्वांचे ऐकले. अर्थ एवढाच की अभय देण्याचे कारण शरणागताच्या सिद्ध झालेल्या जखमेत नसून अभय देणाऱ्याच्या धर्मात आहे. आजच्या राज्यांना हा आदर्श जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही हे मी जाणतो. सीमा, प्रजेची सुरक्षितता आणि साधनांची मर्यादा यांचा विचार शासनकर्त्याला करावाच लागतो, आणि सुग्रीवाची शंका मूर्खपणाची नव्हती. पण निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या १९७९ च्या मार्गदर्शिकेनेही, अर्जदाराने आपल्याकडून खराखुरा प्रयत्न केला असता उरलेल्या संशयाचा फायदा त्याला द्यावा असे सांगितले आहे. आणि रामाच्या निर्णयाचा अल्पसा अंश का होईना, त्या नियमात उतरला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

याहून मागे, अरण्यकांडात, पंचवटीला येण्यापूर्वीचा प्रसंग आहे. दंडकारण्यातील मुनी रामाकडे येतात आणि राक्षसांनी मारलेल्या तपस्व्यांचे देह येऊन पाहा, असे त्याला विनवितात. या भूमीवरचा हा प्रत्यक्ष पुरावा. पुढे सीतेने शंका काढल्यावर राम तिला सांगतो की आपण ज्यांच्याकडे जावयाचे त्यांनाच आपल्याकडे यावे लागले याची मला लाज वाटली, तसे मी त्यांना म्हटले. प्रत्येक आश्रयार्थ्याला आपली जखम उघडी करून परक्यापुढे धरावी लागते, या व्यवस्थेतील वेदना रामाच्या त्या शब्दांत पुरेपूर आहे. तपासणी कितीही सौजन्याने झाली तरी ती जखमेवरचा हात आहे, हे तज्ज्ञाने आणि वकिलाने विसरू नये.

अमेरिकेत २००० ते २००४ या काळातील अर्जांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या अर्जासोबत वैद्यकीय परीक्षण होते त्यांपैकी ८९ टक्के लोकांना आश्रय मिळाला, तर त्या देशातील सर्वसाधारण प्रमाण ३७.५ टक्के होते. डॉक्टरांकडे पाठविली जाणारी प्रकरणे वकिलांनी आधीच निवडलेली असतात, म्हणून हा सारा फरक अहवालाचाच म्हणता येणार नाही. तरी या आकड्यांनी मला समाधानापेक्षा चिंताच अधिक दिली. ज्याला डॉक्टर मिळाला नाही त्याचे भय काही कमी खरे नव्हते. तज्ज्ञाची साक्ष सवलत म्हणून सुरू होते आणि हळूहळू तिच्यावाचून अर्जच अपुरा मानला जाऊ लागतो, हा धोका उघड आहे.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. मन तपासता येते म्हटले की ते फोडून पाहण्याचा मोह सत्तेला होतो. आपल्याकडे २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने मेंदूच्या विद्युत्‌चाचणीचा आधार घेऊन दोषसिद्धीचा निकाल दिला होता. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात निर्णय दिला की संबंधिताच्या संमतीवाचून नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी घेता येणार नाही. आश्रयार्थ्याची तपासणी आणि ही चाचणी यांत महदंतर आहे. पहिलीत मनुष्य स्वतः बोलतो आणि तज्ज्ञ त्याच्या बोलण्याला ऐकणारा मिळवून देतो. दुसरीत त्याला वगळून त्याच्या मेंदूला बोलते करण्याचा यत्न असतो. तज्ज्ञाने असत्यशोधक यंत्राची जागा पत्करली की इस्तंबूलच्या त्या पायऱ्या एका हो-नाहीत कोसळतात.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही; तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था शासन स्वतः पाहते आणि इतर अनेकांच्या अर्जांची छाननी उच्चायुक्तांचे दिल्लीतील कार्यालय करते. तरी परकीयाच्या जीविताचे रक्षणही राज्यघटनेचा २१ वा अनुच्छेद करतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमांच्या प्रकरणात सांगितले आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ साली सही केली, पण त्याला अनुमोदन अद्याप दिलेले नाही. ही स्थिती बदलेल तेव्हा बदलो. डॉक्टरांना शिकविण्यासाठी मात्र कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही. १९९८ साली राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच स्थापन झाले. त्याच्या छत्राखाली शिकणाऱ्या प्रत्येक मनोविकारतज्ज्ञाला, न्यायवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, भ्यालेल्या मनुष्यापुढे कसे बसावे, दुभाष्याच्या तोंडून आलेल्या शब्दावर किती विसंबावे, मौनाची नोंद कशी करावी, आणि जे आढळले नाही तेही आढळल्याइतक्याच प्रामाणिकपणे कसे लिहावे, हे शिकविले जावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे. हे शिक्षण कोठडीतून बाहेर आलेल्या आपल्याच नागरिकाच्या उपयोगी पडेल, आणि परदेशी गेलेल्या आपल्या डॉक्टरांपैकी एखाद्यापुढे उद्या कोणी परका आश्रयार्थी येऊन बसला तर त्याच्याही.